परवान्याच्या अर्जातला अकरावा प्रश्न

डॉ. मार्लिस रीसिग यांनी आमच्या टॅबर फ्लॅट गावात एकवीस वर्षं डोळे तपासले आणि त्यातली एकोणीस वर्षं त्यांच्या पुढच्या टेबलावर मी बसले. गावात कुणालाही विचारा, तो आधी त्यांच्या हातांबद्दल सांगेल. हात कायम गार. हनुवटी धरून मान सरळ करायच्या, तेव्हा बीटचे ट्रक चालवणारे धिप्पाड गडीसुद्धा खुर्चीत दचकायचे. आणि बोलणं त्या हातांहून गार. मी एखाद्या बाईला महागाची फ्रेम गळ्यात मारत आणलेली असायची, तेवढ्यात डॉक्टर आतून यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "ही तुम्हाला शोभत नाही. ती डावीकडची घ्या, स्वस्तही आहे." बाई खूश, माझी मेहनत मातीत. मी धुसफुसायचे. त्या म्हणायच्या, "तिने विचारलं, मी सांगितलं." खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही असं नाही. त्यांना ते सुचायचंच नाही.

त्यांच्या आईला ग्रीलीत अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि कोलोराडोत निघून गेल्या. लग्न केलेलं नव्हतं, भाऊबहीण नव्हतं, म्हणजे जायला दुसरं कुणी नव्हतं. कोलोराडोचा परवाना त्यांनी काढला आणि एका मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात आठवड्याला तीन दिवस बसू लागल्या. आमच्या नेब्रास्काचा परवाना मात्र त्याच वर्षी नूतनीकरणाला आला होता. मी त्यांना म्हटलं होतं, निदान गोठवून तरी ठेवा, एका ओळीचं काम आहे. त्या म्हणाल्या, परत यायचं असेल त्याने गोठवावा. एक डिसेंबरला परवाना खंडित झाला. त्या दिवशी मी एकटीच चिडले, कारण बाकी कुणाला ते माहीतही नव्हतं.

आई साडेचार वर्षांनी मार्चमध्ये गेली. एप्रिलमध्ये डॉक्टरांचा फोन आला. दवाखान्याची जागा रिकामी आहे का, एवढंच विचारलं. जागेत चर्चच्या घडीच्या खुर्च्या रचल्या होत्या. त्या मी आणि माझ्या नवऱ्याने, मर्लने, आठवड्यात हलवल्या. गावाला तेव्हा डोळ्यांचा डॉक्टर नव्वद मैलांवर होता. शाळेतली मुलं फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायची आणि मास्तरीण त्यांना कॉपीबहाद्दर म्हणायची. माझ्या टेबलाची जागा मी झाडून, पुसून तयार ठेवली होती, हेही सांगते. एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे बसवत नाही.

पण दवाखाना खुर्च्या हलवून उघडत नाही. खंडित परवाना जोडून घ्यायला मुदत होती पाच वर्षांची, म्हणजे येणाऱ्या एक डिसेंबरपर्यंत. ती उलटली की परवाना मेला. मग पहिल्यापासून सगळ्या परीक्षा, आणि त्यातली रोगी समोर बसवून हाताने करून दाखवायची परीक्षा देशात एकाच शहरात, विशी-पंचविशीच्या पोरांच्या रांगेत. डॉक्टर एकसष्टच्या. त्यांच्या काळी ती परीक्षा नव्हतीच. "ती मी देणार नाही लव्हीटा," त्या म्हणाल्या. "डिसेंबरच्या आत झालं तर झालं. नाहीतर मी ग्रीलीतच चष्मे विकत मरेन."

मग सुरू झाले कागद, आणि नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मला तेव्हा कळलं. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे अभ्यासाचे तास भरून काढायचे, त्यातले अर्धे तरी वर्गात बसून. कोलोराडोत भरलेले तास आमच्या बोर्डाला चालायचे, पण औषधोपचाराचे वेगळे मोजायचे. राज्याच्या कायद्याची परीक्षा पुन्हा. आणि ज्या ज्या राज्याचा परवाना आयुष्यात कधी घेतला असेल त्या प्रत्येकाचं पत्र, थेट त्यांच्या कचेरीतून, की या बाईंवर कसलीही कारवाई झालेली नाही. कोलोराडोचं पत्र आठवड्यात आलं. पण डॉक्टरांनी पंचविसाव्या वर्षी वायोमिंगचाही एक परवाना काढला होता, एका माणसाशी लग्न करून तिथे जायचं म्हणून. लग्न मोडलं, परवाना एक दिवसही वापरला नाही. त्या न झालेल्या लग्नाचं पत्र यायला अकरा आठवडे लागले, कारण जुन्या नोंदी कागदावर होत्या आणि कागद तळघरात.

देशभरातल्या डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारींची नोंद जिथे असते तिथून एक बंद पाकीट मागवायचं होतं. ते न फोडता बोर्डाकडे पाठवायचं. पाकीट दवाखान्याच्या पत्त्यावर आलं आणि मी एकोणीस वर्षांच्या सवयीने सुरी घालून सर्रकन फोडलं. आत लिहिलं होतं, फोडलेलं पाकीट बाद. दुसरं यायला तीन आठवडे गेले. डॉक्टर मला एक अक्षर बोलल्या नाहीत, त्याने मला जास्त लागलं.

ऑगस्टमध्ये शेवटचा अर्ज भरायला त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. दहा प्रश्न सरळ होते. अकरावा असा होता: परवाना खंडित असताना या राज्यात आपण कुणाचे डोळे तपासले, निदान केले किंवा औषध वापरले का? पेन थांबलं. आम्ही दोघींनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं, कारण बाहेर मर्ल ट्रकचं चाक बदलत होता.

दोन वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात हिवाळ्याआधीचं जेवण होतं. कोबी-खिम्याचे बन आम्ही चारशे केले होते. डॉक्टर आईजवळ बाई बसवून एका दिवसासाठी आल्या होत्या. बन वाढता वाढता मर्ल मला म्हणाला की डाव्या डोळ्यासमोर सकाळपासून काजळी उडतेय आणि आता कोपऱ्यातून पडदा ओढल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, कमी जेव. पलीकडे डॉक्टरांच्या हातातली ताटली थांबली. त्यांनी त्याला सामानाच्या खोलीत नेलं आणि गाडीतून पेटी आणली. डोळ्यात थेंब टाकले, बाहुली मोठी व्हायची वाट पाहिली, डोक्याला दिवा बांधून भिंगातून आत पाहिलं. मग म्हणाल्या की डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, पण नजर जिथे असते त्या मधल्या जागेपर्यंत अजून सुटत आलेला नाही. त्या जेवल्याच नाहीत. मर्लला आणि मला गाडीत घालून डेन्व्हरला नेलं. तिथल्या सर्जनने पहाटे शस्त्रक्रिया केली आणि म्हणाला की दुपारपर्यंत थांबला असता तर हा डोळा गेला होता. मर्ल आज त्याच डोळ्याने ट्रक चालवतो.

आमच्याकडे उपकार झाले की साप्ताहिकात आभार छापतात. शवपेटी खांद्यावर घेतली, आजारपणात जेवण पाठवलं, गोठ्याची आग विझवली, की पुढच्या गुरुवारी शेवटच्या पानावर दोन ओळी. न छापणारा माणूस कृतघ्न. मी दोन ओळींवर भागवलं नाही, नऊ ओळी छापल्या. डॉ. मार्लिस रीसिग यांनी तळघरात थेंब टाकून, आपल्या उपकरणांनी माझ्या पतीचा डोळा तपासला, पडदा सुटल्याचे निदान केले आणि त्याची दृष्टी वाचवली, असं नावगाव आणि तारखेसकट. वर त्यांचा जुना फोटो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण डॉक्टरांचं.

"'नाही' लिहा," मी म्हटलं.

"हं."

"कोण बघायला येतंय? आपल्या गावाबाहेर ते साप्ताहिक लोक मासे गुंडाळायलाही घेत नाहीत."

"'हो' लिहिलं तर चौकशी," त्या स्वतःशीच हिशेब केल्यासारखं म्हणाल्या. "चौकशीत ताशेरा बसला तर तो कोलोराडोला कळणार. तिथलाही परवाना धोक्यात."

"मग? असलेलं जाईल आणि नसलेलं मिळणार नाही. आगीतून फुफाट्यात. लिहा 'नाही'."

"बघते," म्हणाल्या, आणि अर्ज पिशवीत घालून उठल्या. डॉक्टर बघते म्हणाल्या की मी नेहमी माझ्या सोयीचा अर्थ घ्यायचे. तोच घेतला.

सप्टेंबरच्या मध्यावर मला बोर्डाच्या चौकशी अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस अगदी नम्र. आभाराचं कात्रण त्याच्यासमोर होतं आणि त्या दिवशी नक्की काय घडलं ते त्याला माझ्या तोंडून हवं होतं. माझ्या मनात एकच आलं, की कुणीतरी चुगली केली. डॉक्टरांनी "नाही" लिहिलंय आणि हा मेला कात्रण घेऊन बसलाय. मग मी सुटले. म्हटलं, कसली उपकरणं आणि कसलं काय, बाईंनी नुसतं फोनच्या उजेडात पाहिलं आणि हॉस्पिटलात जा म्हणाल्या, ते तर माझ्या सासूनेही सांगितलं असतं. थेंब? थेंब नव्हतेच. छापून आलंय ते संपादकाने फुगवलंय, त्याला पान भरायचं असतं. त्याने सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि हे शपथेवर आहे ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी मर्लला जेवणानंतर केकचा दुसरा तुकडाही वाढला. पुढचे तीन आठवडे मी औषधांच्या दुकानातल्या डार्लाशी बोलले नाही, कारण चुगली तिचीच असणार असं मी ठरवून टाकलं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर दारात उभ्या राहिल्या. हातात बोर्डाचं पत्र. कोट न काढता त्यांनी ते टेबलावर ठेवलं. सुनावणी तेवीस तारखेला लिंकनमध्ये होती. साक्षीदार म्हणून श्रीमती लव्हीटा हर्गर्ट यांनी हजर राहावं, कारण त्यांचा जबाब अर्जदाराच्या लेखी कबुलीशी जुळत नाही.

मी ते दोनदा वाचलं. "कबुली कुणाची?"

"माझी."

"तुम्ही 'हो' लिहिलंत?"

"लिहिलं. कात्रणही जोडलं."

म्हणजे चुगली कुणीच केली नव्हती. ज्या कागदापासून मी त्यांना वाचवत होते तो त्यांनी स्वतः टाचून पाठवला होता. मला आधी लाज वाटायला हवी होती, पण आधी राग आला. म्हटलं, एवढा शहाणपणा कुणी सांगितला होता? मुलं फळा दिसत नाही म्हणून कॉपीबहाद्दर ठरतात, तुम्ही इथे देवदूत होऊन बसा. मला एक शब्द सांगायला काय झालं होतं?

"तुला सांगितलं असतं तर तू पोस्टातून पाकीट परत आणलं असतंस," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

"पण का? त्या एका शब्दाने कुणाचं काय बिघडत होतं?"

त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. "साडेचार वर्षं मी मॉलमध्ये बसून लोकांना विचारलं, हे बरं की ते बरं. कधीकधी वाटायचं की मी डॉक्टर होते हे मला नुसतं कुणीतरी सांगितलेलं असावं, खरं नसावं. त्या दिवशी मर्लच्या डोळ्यात मी पाहिलं. मी पाहिलं, लव्हीटा. 'नाही' लिहिलं तर मग त्याला कुणी तपासलं?"

त्या उठल्या. तेवीस तारखेला काय सांगू, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, ते मी सांगायचं नसतं, साक्षीदार तू आहेस. आणि गेल्या.

लिंकन सहा तासांवर आहे आणि वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघालो. गाडीत आम्ही रेडिओवर बीटचे आणि मक्याचे भाव ऐकले, त्यात आम्हा दोघींनाही रस नव्हता. रात्री मोटेलमध्ये मी हिशेब मांडला. बोर्डाने अर्ज फेटाळला तर एक डिसेंबरच्या आत दुसरा करायला वेळ नाही. म्हणजे इथला परवाना कायमचा गेला आणि कोलोराडोचा धोक्यात. सगळं दुसऱ्या दिवशीच्या माझ्या चार वाक्यांवर होतं.

खोली शाळेतल्या वर्गाएवढी. लांब टेबलामागे पाच जण. अध्यक्ष डॉ. प्रूइट, पांढऱ्या मिशा, स्वतःच्याच चष्म्याची दांडी सैल. त्यांनी डॉक्टरांची कबुली वाचली, मग माझा जबाब वाचला. संपादकाने पान भरायला फुगवलं हे वाचताना त्यांची मिशी जरा हलली. मग दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"श्रीमती हर्गर्ट, तुमचा जबाब शपथेवरचा आहे. तो खरा असेल तर औषध वापरलं नाही, उपकरण वापरलं नाही, म्हणजे तपासणी झालीच नाही असं आम्ही धरू शकतो. अर्जदाराने प्रामाणिकपणाच्या भरात जास्त लिहिलं, एवढंच. हे प्रकरण इथेच मिटतं आणि परवान्याचं बाकी सगळं पूर्ण आहे. तुमचा जबाब कायम आहे का?"

त्यांनी दार सताड उघडून धरलं होतं. भला माणूस, त्यालाही मिटवायचंच होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होत्या आणि त्यांचे हात मांडीवर एकावर एक होते. मी "हो" म्हटलं असतं तर त्या उठून मला खोडून काढणार होत्या की गप्प बसणार होत्या, ते मला आजही माहीत नाही. पण एक दिसलं. मी "हो" म्हटलं तर परवाना मिळणार होता आणि मर्लला कुणीच तपासलेलं नसणार होतं. मला माझ्या नवऱ्याचा डावा डोळा आठवला, डेन्व्हरला पट्टी काढल्यावर त्याने आधी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला होता, तू रडताना फार वाईट दिसतेस.

"नाही," मी म्हटलं. "फोनवर मी खोटं बोलले. थेंब टाकले होते. वीस मिनिटं थांबलो. डोक्याला दिवा होता, भिंग होतं. पेटी मी स्वतः गाडीतून आत आणायला मदत केली. संपादकाने काही फुगवलेलं नाही, तो बिचारा एक स्वल्पविरामही घालत नाही."

टेबलाच्या टोकाच्या एका बाईंनी डॉक्टरांना विचारलं की उद्या पुन्हा असंच झालं आणि हातात परवाना नसला, तर काय कराल.

माझे कान तापले. इथे काय म्हणायचं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"त्या दिवशी पेटी आणू की नको, यात मी दहा मिनिटं घालवली," डॉक्टर म्हणाल्या. "ती घालवणार नाही."

आम्हाला बाहेर बसवलं. तासभर. डॉक्टरांनी भिंतीवरची सूचना चार वेळा वाचली असेल. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, आता नको. मग आत बोलावलं. निर्णय डॉ. प्रूइट यांनी खाली बघून वाचला. परवाना खंडित असताना रोगी तपासल्याबद्दल जाहीर ताशेरा, तो त्यांच्या नावापुढे कायम राहील आणि कोलोराडोला कळवला जाईल. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुसरा डॉक्टर येऊन त्यांच्या नोंदी तपासेल. आणि या अटींवर परवाना पुन्हा बहाल. शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल मला त्यांनी पाच मिनिटं सुनावलं आणि सोडून दिलं. डॉक्टरांनी आभार मानले आणि कोट घातला. बाहेर येऊन त्यांनी गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या का ते मी पाहिलं नाही. मी माझं रडत होते.

कोलोराडोने महिन्याभरात चौकशीचं पत्र पाठवलं. डॉक्टरांनी तिथला परवाना स्वतःहून परत केला. आता त्यांच्याकडे एकच उरला होता.

दवाखाना उघडायच्या आठवड्यात मी माझा डबा आणि बसायची उशी घेऊन गेले. टेबलावर डार्लाची पुतणी बसली होती, फाइलींना चिठ्ठ्या चिकटवत. डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लावलं.

"तीन महिन्यांनी इथे माणूस येणार," त्या म्हणाल्या. "पुढच्या टेबलावर जो असेल त्याला विचारणार. माझं काही चुकलेलं असलं तर तू माझ्यासाठी खोटं बोलशील."

"नाही बोलणार. शिकले मी."

"बोलशील, लव्हीटा. मला माहीत आहे. म्हणूनच."

मी उशी काखेत मारून घरी आले. मर्लला म्हटलं, जिच्यासाठी एवढं केलं तिने दारातून हाकललं. तो म्हणाला, तू नक्की काय केलंस ते तूच एकदा सांग. मी दोन आठवडे त्या रस्त्याने गेले नाही. फार लागलं होतं, आणि त्या बरोबर होत्या याने आणखी लागलं होतं.

मग मी फोन करून वेळ घेतली, इतर सगळे घेतात तशी. पुतणीने माझं आडनाव विचारून लिहून घेतलं. आत खुर्चीत बसले. गार हातांनी हनुवटी धरून मान सरळ केली, उजवा डोळा झाकला आणि समोर तक्ता उजळला. तो तक्ता मला पाठ आहे. एकोणीस वर्षं उघड्या दारातून लोकांना वाचताना ऐकलाय, खालून वरही म्हणून दाखवीन.

"सगळ्यात लहान कुठली ओळ वाचता येते?" डॉक्टर म्हणाल्या.

शेवटच्या ओळीची अक्षरं जिभेवर आली होती. डॉक्टर बाजूला उभ्या होत्या, पेन हातात, थांबलेल्या.

"वरून चौथी," मी म्हटलं. "त्याखालचं मला दिसत नाही, डॉक्टर."

त्यांनी ते लिहून घेतलं.